कान मोकळे पाहिजेत

नाना खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, टोक कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दुकानातली गिऱ्हाइकंही उगाच गप्प व्हायची. मग अहिराणीत निकाल यायचा, "आवाज शे, भाऊ." म्हणजे आवाज आहेच.

अमळनेरच्या तेल गिरणीत ते फिटर होते. बेअरिंग कुठे घासतंय हे असं ऐकून सांगायची सवय. जळगावात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. असं कानानं पारखणारं गिऱ्हाईक तुमच्याही वाट्याला एखादं आलं असेल, पण माझ्या वाट्याला आलं ते फारच चिवट होतं.

"बठ्ठं घरमाच करनं पडस मले," ते म्हणाले होते. सगळं म्हणजे लाइट बिल, बँक, गॅसचा नंबर, शिवाय जुने सिनेमे. अट एकच, मशीनचा आवाज नको.

मी पंखे मोठे आणि संथ बसवले. आवाज शे. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. तरी शे. मग पॉवर सप्लाय बदलला, आणि शेवटी प्रोसेसरवर भलामोठा हीटसिंक बसवून पंखेच काढून टाकले. दर गुरुवारी चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन नाना रिक्षातून उतरायचे. चहा घ्यायचे, रस्त्यावरची माणसं बघत बसायचे आणि तासाभरात घाईनं निघायचे.

"नाना, हेडफोन देऊ? सिनेमा तरी नीट ऐका."

"नको. कान मोकळे पाहिजेत. बोललेलं खाली लिहून येस ना, ते वाचस मी."

पंखे काढल्यावरही ते चार गुरुवार आले. मला तर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शेवटी माझं टाळकं सटकलं. "नाना, यात फिरणारं काहीच उरलं नाही! आता हे परत आणू नका." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला, चादरीला गाठ मारली आणि गेले.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. मशीन दुपारी आपोआप बंद पडत होतं. मी मेहरूणला त्यांच्या घरी गेलो. खोली नुसती भट्टी झाली होती. खिडकीत कूलर होता, पण त्यावर चादर टाकलेली.

"अहो, कूलर लावा की! मशीनचं सोडा, तुम्हीच शिजाल."

ते बोलणार एवढ्यात आतून टक्‌ असं काहीतरी झालं. मला ते नीट कळायच्या आत नाना उठून गेले होते. आतल्या लोखंडी खाटेवर त्यांची बायको होती. अंगावरून वारं गेलेलं, वाचा गेलेली. एक हात तेवढा हलायचा, त्यातली बांगडी खाटेच्या दांडीवर आपटून त्या आवाज करायच्या. नानांनी त्यांना कुशीवर वळवलं, पाणी पाजलं.

"बांगडी वाजाडस ती," ते बाहेर येऊन म्हणाले. "कूलर लावला तर ऐकूच येत नही."

तीन वर्षं असं चाललं होतं. शेजारच्या अक्का गुरुवारी तासभर बसायच्या, तेही नानांना बाहेर काही काम असेल तरच.

"नुसतं फिराले जास, असं कोन्या तोंडे सांगू अक्कास्ले?"

मी खाली बघत कॅबिनेट उघडलं. त्यांचा आठवड्यातला एकुलता एक तास मी दुरुस्त करून टाकला होता. मला स्वतःची लाज वाटली. एक संथ पंखा बसवून मशीन चालू केलं. नानांनी स्क्रूड्रायव्हर लावला. खरं तर काहीच ऐकू येत नव्हतं.

"आवाज आहे, नाना," मीच मोठ्यानं म्हणालो, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "गुरुवारी दुकानात आणा. दर गुरुवारी बघावं लागेल."

नानांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग म्हणाले, "शे ना? मले बी वाटनंच."

पुढे वर्षभर ते येत राहिले. कॅबिनेट चादरीतून सोडायचंही आम्ही बंद केलं.

मग सलग दोन गुरुवार ते आले नाहीत. मी मेहरूणला गेलो. दार उघडंच होतं आणि कूलर धडधडत होता. नाना रिकाम्या खाटेशेजारी बसले होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ते दचकून उठले, आधी कूलर बंद केला, खाटेकडे बघितलं, आणि मग दाराकडे.