न घातलेला टाका

जखम बघताना डॉक्टर शालिनीबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. सर्जन बाई, गंगापूर रोडवर स्वतःचा दवाखाना, आणि पेशंटला हात न लावता पाच-पाच मिनिटं नुसत्या बघायच्या. कुणी चुळबुळ केली की म्हणायच्या, "हात पुढे असले की काहीतरी करावंसं वाटतं. आधी बघू द्या."

नव्वदच्या दशकात माझ्या मुक्ताचं बोट लोखंडी कपाटाच्या दारात चेंगरलं. चार वर्षांची पोर, मधल्या बोटाचं टोकच गेलं. बाईंच्या दवाखान्यात मी रडत म्हटलं, "लवकर शिवा हो बाई!"

"नाही शिवणार. नखाचं मूळ शाबूत आहे. या वयात टोक पुन्हा येतं, नखासकट. आत्ता कातडी ओढून शिवली तर जखम मिटेल, पण वण येईल आणि बोट थोटं राहील." त्यांनी घट्ट पट्टी बांधली आणि आठवडाभर सोडायची नाही म्हणून बजावलं.

पाचव्या दिवशी पट्टीला वास यायला लागला. सिन्नरहून आलेले माझे सासरे म्हणाले, "सूनबाई, बोट नासलंय. लय घाण वास हाय. आजच दुसऱ्या डाक्टरकडून टाके घालून आणू." मी आधीच घाबरट. पट्टी सोडली, आतला लिबलिबीत थर घाण समजून पुसून काढला. भळाभळा रक्त आलं. तशीच पोरीला घेऊन दवाखान्यात पळाले, मागून सासरे.

त्या दिवशी शालिनीबाई मला जे बोलल्या, ते माझी आईसुद्धा कधी बोलली नव्हती. "बोट येत होतं, ते तुम्ही पुसलंत!" नवी पट्टी बांधून तिच्यावर त्यांनी पेनाने सही केली. "ही सही मोडली तर मला तोंड दाखवू नका." मग सासऱ्यांकडे वळल्या. "आबा, वास येणारच. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण टाका मी घालू देणार नाही." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी स्कूटरवरून आमच्या घरी यायच्या, सही तपासायच्या आणि चहाही न घेता जायच्या. सासरे तेवढा वेळ पेपरात तोंड घालून बसत.

दोन महिन्यांत बोट आलं. गोल टोक, कोवळं नख, बोटावरच्या बारीक रेघासुद्धा. पेढे सासऱ्यांनीच आणले. बाईंनी एक उचलला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. किती कोरडी बाई, असं मला तेव्हा वाटलं.

त्या गेल्या तेव्हा मुक्ता कॉलेजात होती. तिला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलाने हात जोडले, तेव्हा दिसलं, एक बोट आखूड, नख नाही, टोकाला ताणलेला पांढरा वण. माझी नजर त्याने ओळखली. "लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडलं होतं. आईनेच शिवलं, लगेच. तिला तेव्हा ठाऊक नव्हतं."

मुक्ताने आपला हात पुढे केला. तो तिचं बोट उलटसुलट करून बघत राहिला.

"हेच का ते?" तो म्हणाला. "हे भरून आलं त्या दिवशी आई घरी येऊन माझा हात धरून रडली होती."