कोरडं बेसिन

तुमचे हात कुणी कधी पेनाच्या टोकानं उलटे करून पाहिलेत का?

माझे पाहिलेत. नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळातला बाळंतिणींचा वॉर्ड. सीझर झालेल्या बाया एका ओळीत. मी तिथे कंत्राटावरची अटेंडंट. चादरी बदलायच्या, बेडपॅन काढायचे, बाईला धरून बसवायचं, पाणी पाजायचं. वय चोवीस, पण सगळे मला मावशी म्हणत.

त्या आठवड्यात नऊ नंबरच्या बाईचे टाके पिकले. मग दहा नंबरच्या. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले ते चिडूनच. मागे विद्यार्थ्यांचा घोळका. मी दहा नंबरची चादर काढून निघाले होते.

"ए, थांब. हात पुढे कर."

केले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या टोकानं माझा तळहात उलटा केला. फिनाईलनं भेगाळलेला. भेगांत काळं बसलेलं.

"इन्फेक्शन कुठून येतं, विचारत होता ना? हे बघा. इथून. या लोकांना लहानपणापासून सवयच नसते."

एक विद्यार्थी फिसकन हसला. दोघांनी वहीत लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा मागितला आणि पेन पुसलं. पेनच.

मी हात पुढे करून तशीच उभी. हात कधी खाली घ्यायचे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"या लोकांना." हे दोन शब्द मला नवे नव्हते. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा प्रत्येक सभेहून घेऊन यायचे. आई ती डब्याच्या तळाशी अंथरायची आणि मी पीठ झटकून वाचायची. हक्क, अपमान, अन्याय. सगळे शब्द पाठ होते. आणि तरी त्या सकाळी माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

अकरा नंबरवर शालू होती. कुही तालुक्याकडची. आदल्या दिवशीच सीझर झालेलं, मुलगी झालेली. थेटरातून आणल्यावर तिला कॉटवर मीच घेतलं होतं. सुकलेल्या ओठांवर ओला कापूस मीच फिरवला होता. राउंड गेल्यावर मी पेला भरून तिच्यापाशी गेले. तिच्या आईनं हात आडवा घातला.

"राहू दे वं बाई. मी पाजतो तिले."

"काहून? कालपासून मीच तर पाजून राहिली."

"डॉक्टरसायेब काय म्हनले, आयकलं ना आम्ही."

शालूनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळता येईना. पेला हातात, आणि घ्यायला कुणी नाही.

आता माझ्या हातांचं सांगते. ते मी धुवायची. प्रत्येक बेडपॅननंतर. मागच्या संडासापाशी एक नळ होता तिथे, घरून आणलेल्या साबणानं. कारण वॉर्डातलं बेसिन आमच्यासाठी नव्हतं. दाराशीच होतं ते. पांढरंशुभ्र, वर हात कसे धुवावेत याचं रंगीत चित्र, त्याखाली पाटी: फक्त डॉक्टर व नर्सिंग स्टाफसाठी. नातेवाईक तिथे जेवणाचे डबे धुतात म्हणून सिस्टरनं नळ फिरवायची चावीच काढून घेतली होती. ती तिच्या खिशात असे. ज्याला हात धुवायचेत त्यानं मागावी.

माझ्यासोबतची कमलाबाई म्हणायची, "चावी सिस्टरच्या खिशात, सिस्टर सुट्टीवर. म्हंजे नळ बी सुट्टीवर!"

आम्ही हसायचो.

चावी कुणीच मागत नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण बेसिन पुसायचं काम माझं. रोज राउंडनंतर मी फडकं घेऊन जायची आणि फडकं कोरडंच परत यायचं. साबणाच्या वडीवर कोरलेली अक्षरं जशीच्या तशी. धार एकाचीही झिजलेली नाही.

आणि मला त्याचं बरं वाटायचं. एक काम कमी.

त्या दुपारी बेसिनापुढे उभी राहिले आणि हातातल्या कोरड्या फडक्याकडे पाहिलं. दोन बायांची पोटं पिकली होती. कशानं, याचा पुरावा रोज माझ्या हातातल्या फडक्यावर होता. आणि मी पिळायचा त्रास वाचला म्हणून खूश होते. डॉक्टरांनी माझ्यावर खोटं ढकललं, हे खरं. पण खरं काय ते ठाऊक असलेली वॉर्डात मी एकटीच होते आणि मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी फक्त हात पाहिले. डॉक्टरांचे.

ग्लोव्ज होते. ग्लोव्ज असले की हात स्वच्छच, अशी त्या वॉर्डाची समजूत. खोका महिनाभर पुरवायचा म्हणून एक जोडी, एक राउंड. नऊ नंबरला त्यांनी टाक्यांवर बोट दाबलं. पू आला. गॉजनं पुसला. त्याच ग्लोव्जनी दहा नंबरची पट्टी उचलली. मग खिशातला मोबाइल वाजला, तो घेतला, ठेवला. आणि अकराकडे वळले.

शालूच्या आईनं लगबगीनं लेकीच्या पोटावरची चादर सारली आणि हात जोडले. टाके अजून कोरडे होते. मी पहाटेच पाहिले होते.

मी कॉटच्या आडवी उभी राहिले.

"सर, आधी हात धुवा. ग्लोव्ज बदला. नऊ नंबरचा पू आहे त्याले."

"काय?"

सिस्टर धावली. "येड लागलं का वं तुले? बाजूले हो!"

"सिस्टर, बेसिन कोरडं आहे. कालही कोरडं होतं. मी पुसते ना ते."

"आता तू शिकवणार मला?" डॉक्टर म्हणाले.

मी बाजूला झाले नाही.

"शिकवत नाही, सर. काल तुम्ही माझे हात सगळ्यांना दाखवले. आज तुमचे दाखवा."

मग मागून एक ज्युनिअर डॉक्टर, माझ्याच वयाची मुलगी, काही न बोलता ग्लोव्ज काढत बेसिनाकडे गेली. "सिस्टर, चावी?" सिस्टरनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग खिशात हात घातला.

नळ आधी खोकला. मग गंजाचं तांबडं पाणी आलं. बराच वेळ तांबडंच येत राहिलं. सगळा घोळका पाहत होता. आज कुणी वहीत काही लिहिलं नाही.

मोठे डॉक्टर अकरा नंबर न पाहताच निघाले. जाता जाता म्हणाले, "कंत्राटदाराला फोन लावा. उद्यापासून ही नको."

शालूचे टाके त्या ज्युनिअर मुलीनं पाहिले. धुतलेल्या हातांनी, नव्या ग्लोव्जनी. ती गेल्यावर शालूची आई माझ्यावर फिरली.

"तुयापायी मोठ्या डॉक्टरनं माया पोरीले पाह्यलं बी नाही. काय भेटलं वं तुले?"

तिला पटेल असं उत्तर मी आजही शोधते.

संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं.

पुढचं कमलाबाईनं फोनवर सांगितलं. शालूचे टाके कोरडे निघाले, मुलीला घेऊन ती घरी गेली. नऊ नंबरची बाई अजून तापात, तिचं बाळ तिच्याशिवाय गावी. आणि चावी? "इन्स्पेक्शन होतं तंवर नळाले होती. आता खिशात." या वेळी आम्ही दोघी हसलो नाही.

मी आता दुसऱ्या इस्पितळात आहे, दुसऱ्या कंत्राटदाराकडे. पहिल्या दिवशी मी वॉर्डातला प्रत्येक नळ फिरवून पाहिला. पाटी वाचली नाही. माझ्यापुढून न धुतलेला हात पेशंटकडे गेला, तर मी आडवी येईन. त्या हातामागे कितीही मोठी डिग्री असो. नोकरी जाईल. एकदा गेली आहे, रस्ता पायाखालचा आहे.

पण प्रत्येक कॉटपाशी मी नसते. तिथे तुम्ही असता. म्हणून मागते. तुमचं माणूस कॉटवर असेल आणि कुणी त्याच्या टाक्यांकडे, सलाईनच्या सुईकडे हात नेला, तर मधे बोला. "हात धुतले का?" एवढंच. डॉक्टरला विचारा. सिस्टरला विचारा. ते चिडतील. चिडू द्या. मी आले, तर मलाही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कॉटपासून हलू नका.