अख्तरुन्निसाची उंच गाडी

बहारीनमधल्या झिंज भागात आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अख्तरुन्निसा परकार राहते. मूळची दापोलीकडची, हर्णैची. माझी तिची ओळख ब्लाऊज शिवण्यावरून झाली आणि मग वाढत गेली. तिचा नवरा ताहिर एका बहारीनी व्यापाऱ्याकडे एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होता. साखरेच्या आजाराने त्याच्या डोळ्यांवर पडदा आला तेव्हा मालकाने त्याला काढलं नाही, गोदामात फोनवर बसवलं. “ताहिरला माझा सगळा माल आवाजावरून ओळखता येतो,” असं तो लोकांना सांगतो.

ड्रायव्हरच्या घरात आता गाडी चालवणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी इरम पुलापलीकडच्या मुहर्रक बेटावर, बुसैतीनच्या एका बालवाडीत शिकवायची आणि शाळेच्या बसने जायची. म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अख्तरुन्निसा ड्रायव्हिंग शिकली. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं. त्या दिवशी तिने अख्ख्या इमारतीला शेवयांची खीर वाटली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. सकाळी ती ताहिरला त्यांच्या जुन्या, बुटक्या गाडीतून गोदामात सोडायची, दुपारी घेऊन यायची, महिन्यातून एकदा डोळ्यांच्या इंजेक्शनला न्यायची. मग गेल्या जानेवारीत पाऊस आला.

इथला पाऊस थंडीत येतो. वर्षातून पाच-सहा दिवसच, पण सपाट जमिनीवर पडलेलं पाणी जाणार कुठे? रस्त्यांची तळी होतात. पाणी उपसणारे टँकर येईपर्यंत ज्याने त्याने आपलं बघायचं. त्या सकाळी हॉस्पिटलला जाताना अख्तरुन्निसाची गाडी वळणावरच्या पाण्यात शिरली, दोनदा खोकली आणि बंद पडली. दारांच्या फटींतून पाणी आत यायला लागलं. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले.

ताहिर म्हणाला, “तू स्टिअरिंग धर, मी ढकलतो.”

“तुमाला दिसत नाय. उतरू नका.”

पण तो उतरलाच. पाण्याखालच्या फुटपाथची कड त्याला कळली नाही. तो तोंडावर पडला, कपाळाला खोक पडली. दोन अनोळखी माणसांनी त्याला उचलून बसवलं. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आणि चिखल, आणि तरी तो तिला सांगत होता, “काय नाय झालेलं, काय नाय.”

जखमेला चार टाके पडले. ते दहा दिवसांत निघाले, पण अख्तरुन्निसाने चावी कपाटात ठेवली ती ठेवलीच. बंद गाडी भंगारात गेली. ताहिर दुसऱ्या कामगारांच्या व्हॅनमधून गोदामात जाऊ लागला. ती मशीनवर बसून राहायची. मी एकदा विषय काढला तर दोरा ओवता ओवता म्हणाली, “माझ्यामुळे पडले ते. मला शिकायलाच नको होतं.”

उन्हाळा गेला. नोव्हेंबरात हवा गार झाली तशी एक दिवस ताहिरने जाहीर केलं, “मला उंच गाडी पायजे. छोटी एसयूव्ही. त्या व्हॅनमध्ये माझे गुडघे दुखतात.”

“चालवणार कोण?”

“ते नंतर बघू. आधी बघायला तर चल.”

गुडघ्यांचं खोटं होतं. तिलाही ते कळलं होतं, पण तिने तसं म्हटलं नाही. शुक्रवारी दोघं टॅक्सीने वापरलेल्या गाड्यांच्या एका दुकानात गेली. विक्रेत्याने पांढरीशुभ्र, चकचकीत गाडी पुढे केली. “चाचा, एकदम नई जैसी है!”

ताहिरने दार उघडून आधी वास घेतला. अत्तर भरपूर मारलेलं होतं. तो खाली बसला आणि पायपुसण्याखालच्या गालिच्यावर तळहात दाबून बराच वेळ तसाच राहिला. मग डिकी उघडायला लावली, जादा चाकाच्या खळग्यात बोटं फिरवली आणि अंगठ्याने बोटं चोळली. बारीक, वाळलेला गाळ.

“अख्तर, पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढ. रंग बदलतो काय?”

तिने ओढला. “वरती काळा आहे. खालती पिवळट. मध्ये रेघ आहे.”

“तिथपर्यंत पाण्यात होती ही.” तो उठला. “खलास. चल घरी.”

विक्रेता मागून काहीबाही सांगत राहिला. टॅक्सीत अख्तरुन्निसा त्याच्या हाताकडे बघत होती. नखांत गाळ होता. तिने पदराने बोटं पुसून दिली आणि विचारलं, “तुमाला एवढं सगळं कळतं, तर माझ्या हातात गाडी कशी दिलीत?”

“कळतं म्हणूनच दिली,” तो म्हणाला. “तू चांगली चालवतेस. त्या दिवशी तुझी चूक नव्हती, गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं होतं. आणि उतरायचा शहाणपणा माझा.”

हे तो दहा महिन्यांत पहिल्यांदाच बोलला होता. तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुसरी गाडी मीच सुचवली. माझ्या ऑफिसातला सलील आणि त्याची बायको लीना कायमचे पुण्याला परतणार होते. जनाबिया भागातल्या त्यांच्या घरासमोर राखाडी रंगाची छोटी एसयूव्ही उभी होती, पाच वर्षं वापरलेली. मी ताहिर आणि अख्तरुन्निसाला तिथे घेऊन गेले.

सलील म्हणाला, “काका, आधीच सांगतो, मागचा बंपर मी खांबावर घातला होता. रंग काढून घेतलाय, पण हात फिरवलात तर कळेल.”

ताहिरने हात फिरवला, हसला. “कळतंय.” मग इंजिन सुरू करायला सांगून बॉनेटला कान लावला, टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं, गालिचे दाबले, पट्टे ओढायला लावले. लीना व्हरांड्यातून हे बघत होती. तिचे डोळे भरून आले. “आमची रेवा हॉस्पिटलमधून याच गाडीतून घरी आली,” ती मला हळूच म्हणाली. “कोणीतरी हिला इतकं मायेने बघतंय, बरं वाटलं.”

“आता चालवून बघायला पाहिजे,” ताहिर म्हणाला. “अख्तर, बस.”

“मी नाय. सलीलभाई चालवतील.”

“सलीलभाई पुण्याला चालले.”

मग लीना खाली आली, ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून वर उचलली आणि म्हणाली, “मावशी, नुसतं बसून बघा. इथून रस्ता फार छान दिसतो.”

ती बसली. बराच वेळ हात मांडीवरच होते. नंतर आरसा नीट केला, पुटपुटत बिस्मिल्ला म्हटलं आणि गाडी कंपाउंडमधून इतकी हळू निघाली की सलीलचा कुत्रा बाजूने चालत गेला. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबलेला होता आणि तो खुलला होता.

“वरून सगळं दिसतं हो,” ती म्हणाली.

कागदपत्रांच्या वेळी ताहिरने स्वतःचं ओळखपत्र खिशातून काढलंच नाही. “गाडी हिच्या नावावर,” तो म्हणाला. अख्तरुन्निसाच्या नावावर याआधी काहीच नव्हतं. घरी आल्यावर तिने मालकीचा तो कागद मला दोनदा दाखवला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी आभाळ फुटलं. इरमचा फोन आला. शाळेच्या बस निघू शकत नव्हत्या, टॅक्सी मिळत नव्हती, आणि दोन मुलांचे आईबाप मनामात अडकले होते. “मम्मी, डोन्ट कम, इट्स टू रिस्की. आय विल मॅनेज.”

अख्तरुन्निसाने मशीन बंद केली. मालकाने गोदामाला लवकर सुटी दिल्यामुळे ताहिर घरीच होता. तो चपला घालून दाराशी उभा राहिला.

पहिल्या पाण्यापाशी तिने गाडी थांबवली.

“पुढच्या गाडीचं चाक किती बुडतंय?” त्याने विचारलं.

“अर्ध्याच्या खाली.”

“मग जा. सावकाश, पण मध्ये थांबू नको. पाय उचलू नको.”

पाणी दोन्ही बाजूंना सरकलं, गाडी पार झाली. “आता ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाब, सुकू दे.” पुढच्या एका बोळात उभ्या गाडीचं चाक दिसतच नव्हतं, तिथे तिने स्वतःहूनच गाडी वळवली आणि लांबचा रस्ता घेतला. ताहिरने मान डोलावली. पुलावर वाऱ्याने पाऊस आडवा येत होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती मुहर्रकच्या बाजूला उतरली.

शाळेच्या दारात इरम दोन छोट्यांचे हात धरून उभी होती. “मम्मी, यू केम थ्रू ऑल दॅट?”

“बस लवकर, पोरं भिजतायत.”

त्यांनी मुलांना त्यांच्या आजीकडे पोहोचवलं. त्यातली एक, चार वर्षांची, उतरायलाच तयार नव्हती, तिला आणखी पाण्यातून जायचं होतं. परतीच्या वाटेवर इरमने मागच्या सीटवरून पुढे वाकून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि घरापर्यंत तशीच राहिली.

ताहिरचे डोळे सुधारलेले नाहीत. डावा तर जवळजवळ गेलाच. पण रोज सकाळी सात वाजता ती राखाडी गाडी आमच्या फाटकातून बाहेर पडते, परवा तर मलाही तिने मासळीबाजारात नेऊन आणलं. ताहिर पुढे बसला होता. दुसरा सिग्नल येईपर्यंत त्याची मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं राहिलं. अख्तरुन्निसाने एका हाताने एसीची झडप त्याच्या तोंडावरून वळवली आणि मला म्हणाली, “जरा हळू बोल, झोपलेत.”