दंड वर करा

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, गेल्या रविवारी फोनवर अनय म्हणाला की खातं उणे झालं म्हणून बँकेने न सांगता पैसे कापले, आणि तुम्ही सगळे म्हणालात, असंच असतं. असंच नसतं. हे जिने मला दाखवलं ती कमलअक्का महिन्यापूर्वी धुळ्यात वारली. म्हणून आज लिहायला बसले. जमेल तितकं क्रमाने सांगते.

सन साठ-सत्तरच्या दरम्यान मी धुळ्यात देवपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. पांझरा नदीच्या पलीकडे बाजारात अक्काचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, घर त्या दुकानावर चाललेलं. गिऱ्हाइकं कापूस विकला की पैसे देत. बांगड्या पाठवणारा फिरोजाबादचा व्यापारी मात्र तिचा चेक लगेच वटवायला टाकी. मधले आठवडे निभावायला तिने एका छोट्या सहकारी बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेतला होता. मर्यादा जराशी ओलांडली की बँक दंड कापी, त्या दंडाने खातं आणखी खाली जाई, मग पुढचा चेक परत आणि पुन्हा दंड... शेवटी बँकेने ओव्हरड्राफ्टच बंद करायचं ठरवलं. म्हणजे दुकानाला कुलूप. मी मोठ्या हौसेने इंग्रजीत अर्ज लिहून दिला. अक्काने तो नीट घडी करून मला परत दिला आणि म्हणाली, आपण सभेतच बोलू.

बँकेची वार्षिक सभा कापसाच्या एका जिनिंग गिरणीच्या आवारात होती. सभासद बायका मागे बसलेल्या. अक्का उठून उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे धान्याचे व्यापारी, मारवाडी शेठजी. तिने त्यांनाच विचारलं, "शेठजी, दंड बी मना खातामाईनच कापतस. मंग खातं वर कसं येई? आधी सांगा, मंग कापा."

पुढून कुणीतरी टोमणा मारला, "अक्का, बँक शे ही, भिशी नही."

"भिशीमा तरी आधी निरोप येस," अक्का म्हणाली.

हशा पिकला. शेठजीही हसले, पण नियम बदलायचा तर मतं लागतील, म्हणाले. त्यांना वाटलं विषय संपला. अक्काचा दिवस मात्र बायकांना 'हात पुढे करा' म्हणण्यातच जायचा. ती मागच्या बायकांकडे वळली.

"ज्यासले दंड नको, त्यासनी दंड वर करा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एक हात वर गेला, मग सगळी मागची बाजू, आणि बांगड्यांचा असा किणकिणाट झाला... त्यातल्या बहुतेक तिच्याच दुकानात भरलेल्या. मग पुढच्या पुरुषांचेही हात वर गेले. शेठजी मोजता मोजता थांबले आणि चिटणिसांना म्हणाले, "लिहा, मंजूर." आधी निरोप, मग भरण्याला मुदत, आणि दंडावर दंड नाही.

परतताना पुलावर मी मोठमोठ्याने हसत होते, शाळेतल्या बाईंना शोभणार नाही असं. सभेत न घाबरलेल्या अक्काने आता माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझी एक बांगडी वाढली. तिने तुकडे उचलले आणि म्हणाली, "नवी भरसू. हाऊ दंड मनाकडे."

तिच्या तेराव्यानंतर दुकानात फोन आला. बँकेतला नवा मुलगा होता, अक्का गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. अक्कांना सांगा, चेक आला आहे, उद्यापर्यंत भरणा करा, म्हणाला. अक्काच्या सुनेने जाऊन पैसे भरले. दंड लागला नाही. तो नियम अजून चालू आहे.