नाकारलेली माधुकरी

गाणगापूरला मी श्रद्धेपोटी गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि अशा लिखाणाची सुरुवात तरी खोट्याने करू नये. मी गेलो तो बायकोच्या नवसापोटी. बीदरच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला आमचा मुलगा वर्षभर पुण्यात नोकरी शोधत हिंडत होता. हिने मला न विचारता दत्तमहाराजांना परस्पर सांगून टाकलं, की पोराला नोकरी लागू दे, त्याचा बाप तुझ्या गावात पाच घरं माधुकरी मागेल. नोकरी लागली. नवस बोलणारी ती, झोळी मात्र माझ्या गळ्यात.

हुलसूरला माझं अडतीचं दुकान होतं. सकाळी तूर-हरभऱ्याचे सौदे आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोत्याला टेकून वाचन, असा माझा दिवस. त्या वाचनामुळे गावात माझी प्रतिष्ठा होती असं नाही. हा माणूस देवाधर्माला नावं ठेवतो एवढीच ख्याती होती. खरं तर देवाला मी कधी नावं ठेवली नाहीत. देवाच्या पुढे उभं राहून जी माणसं लाऊडस्पीकर लावतात, त्यांच्याविषयी माझी काही मतं होती.

आणि मला मधुमेह होता. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं. आमच्या घरी त्याला नुसतं ‘सुई’ म्हणतात. संकष्टीला हिचा कडक उपवास असतो आणि त्या दिवशी चूल पेटत नसल्यामुळे माझाही आपोआप होतो. एकदा सुई घेऊन जेवायला उशीर झाला, तेव्हा मी घामाने भिजून दुकानातच कोसळलो होतो. तेव्हापासून हिने नियम करून टाकला, पोटात अन्न असेल तर सुई, नसेल तर नाही. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत सुई बंद. हा नियम आम्ही कुठल्या डॉक्टरांना विचारून केला नव्हता. पण तो इतका सरळ होता की विचारायची गरजही वाटली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी मला ताप भरला. घसा धरला, छाती दुखू लागली, अन्नावरची वासना गेली. जायचं पुढं ढकलू या असं म्हणणार होतो, पण हिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो. देव न मानणाऱ्याला आजारी पडायचीही सोय नसते. ऐन नवसाच्या तोंडावर त्याला ताप आला तर लोक थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा मीच हट्टाला पेटलो. जायचं म्हणजे जायचं. जेवण जात नव्हतं, म्हणून सुई बंद केली. हीच म्हणाली, “पोटात काही न्हाई तर सुई कामून घ्यायलाव? उगं चक्कर येईल परत.” मला पटलं. आमच्या संसारात एकमत होण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

गुलबर्ग्यापर्यंतच्या बसमध्ये मला विलक्षण तहान लागत होती. बाटलीमागून बाटली पाणी प्यायलो आणि बस थांबेल तिथे आडोसा शोधत उतरलो. शेवटी कंडक्टरने विचारलं, “मामा, गाणगापूरला चाललाव का प्रत्येक गावाला?” गाणगापूरला धर्मशाळेत उतरलो. सकाळी उठलो तर अंगात त्राण नव्हतं. दोनदा उलटी झाली. श्वास लागत होता, पण तो प्रवासाचा शीण असेल असं आम्ही दोघांनी ठरवलं. संगमावर हिने स्नान केलं आणि माझ्या डोक्यावर पाणी शिंपडून तेवढ्यावर देवाची समजूत घातली.

माधुकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. गाणगापुरात दुपारी भाविक झोळी घेऊन दारोदार भिक्षा मागतात. त्या वेळी सावकार आणि भिकारी असा फरक राहत नाही, निदान राहू नये अशी अपेक्षा असते. गावाची श्रद्धा अशी की त्या गर्दीत रोज स्वतः दत्तगुरू कुठल्या तरी रूपात भिक्षेला येतात. कोणत्या रूपात ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून त्या वेळी दारातून कुणालाही रिकामं पाठवत नाहीत. वेडा असो, रोगी असो, चोर असो, भाकरीचा तुकडा मिळतोच. ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती. बाकी तिथे जे दिसलं ते नेहमीचं. एक पुढारी फोटोग्राफर बरोबर घेऊन माधुकरी मागत होते. एका दारात फोटो हलला म्हणून त्यांनी त्याच बाईकडून दुसऱ्यांदा भाकरी घेतली. देव त्या गर्दीत असलाच, तर त्याची करमणूक होत असणार.

मी चार दारं केली. प्रत्येक उंबऱ्याशी डोळ्यांपुढे पिवळं दिसायचं आणि मी भिंतीला हात लावायचा. पाचव्या दारात साठीच्या घरातली एक बाई परात घेऊन उभी होती. माझ्या पुढच्या माणसाला तिने भाकरी दिली. मी झोळी पुढे केली आणि तोंडाने काहीतरी पुटपुटलो. तिने उचललेली भाकरी परत परातीत ठेवली.

“दत्ताच्या गावात पिऊन माधुकरी मागायलाव व्हय? वयाकडं तरी बघा, अण्णा.”

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पण माझी बायको मागेच होती.

“कोण पिऊन आलंय? ह्या माणसानं जन्मात थेंब घेतला न्हाई. चहा बी बिनसाखरेचा पितेत.”

“मग वास कशाचा यायलाय? झोकांड्या कामून जायलाव? आमच्या घरात बी एक पिणारा होता, अक्का. पिऊन पिऊनच गेला. मला शिकवू नका.”

“ताप हाय त्यांना.”

“आमचा बी असाच सांगायचा. कधी ताप, कधी पाटदुखी.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “द्या की बाई, दत्त असला तर?” त्यावर ती म्हणाली, “दत्त असंल तर शुद्धीत येईल.” रांग हसली. माझ्या बायकोला मात्र हसू आलं नाही. ती तरातरा पुढे आली आणि भररस्त्यात माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने वास घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं धाडस तिने घरातही केलं नव्हतं.

“वास तर यायलाय,” ती हळूच म्हणाली. “काय खाल्लाव तुम्ही?”

काहीच खाल्लं नव्हतं. निघाल्यापासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“गल्लीच्या तोंडालाच डाक्टर हाय,” ती बाई परात सुनेच्या हातात देत म्हणाली. “चला त्याच्याकडं. त्यो म्हणला की पिलेले न्हाईत, तर ह्या हातानं भाकरी घालीन, अन् पाया बी पडीन.”

“चला. आत्ताच चला,” ही म्हणाली.

आणि आमची वरात निघाली. एकीला मला दारुडा ठरवायचं होतं आणि दुसरीला निर्दोष. दोघींनी माझा एकेक दंड घट्ट धरला होता. त्या तशा भांडत नसत्या तर मी एकट्याने ती गल्ली चालू शकलो नसतो. माझा बेत वेगळाच होता. पाच घरं झाली की औदुंबराच्या सावलीत पडायचं आणि झोप काढायची.

डॉक्टर तरुण होता. दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक खाट. बायकांचं म्हणणं पुरतं ऐकायच्या आधीच त्याने माझ्याकडे वाकून श्वासाचा वास घेतला. मी केवढ्या खोल धापा टाकतोय ते बघितलं.

“हा दारूचा वास न्हाई,” तो म्हणाला. “ह्यांना शुगर हाय का?”

“हाय की. सुई घेतेत,” ही म्हणाली.

“शेवटची कधी घेतली?”

“ताप आला तवापासून बंद ठेवलोय. पोटात अन्नच न्हाई तर सुई कामून द्यावी?” हे ती जबाबदार गृहिणीच्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरने माझ्या बोटातून रक्त काढलं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही, मोजता येण्याच्या पलीकडे आहे एवढंच कळवलं. लघवीत बुडवलेली पट्टी काळीजांभळी झाली. मग त्याने सलाईन लावलं, सुई दिली आणि गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बघा म्हणून सांगितलं. तोवर तो हिला समजावत होता. मला अर्धवट ऐकू येत होतं. हिने मात्र ते असं लक्षात ठेवलं की आजही पाहुण्यांना सांगते.

“तुमच्याकडं पेव असतंय न्हाई, जमिनीत धान्य साठवायचं? तसं एक पेव शरीरात असतंय, यकृतात. त्यात साखर साठवलेली असती. ताप आला की शरीराला वाटतंय संकट आलं. ते पेव उघडतंय अन् रक्तात साखर ओतत ऱ्हातंय. तुम्ही खावा न्हाईतर उपाशी ऱ्हावा. वरून तापात असलेलं इन्सुलिन बी नीट चालत न्हाई. म्हणजे गरज वाढती. अन् नेमकी त्याच वक्ताला तुम्ही सुई बंद केलाव. रक्तात साखरच साखर, पण ती पेशीत न्यायला कुणी न्हाई. मग शरीर चरबी जाळत सुटतंय. त्याचं आम्ल रक्तात साचतंय. त्याचा हा वास.”

“आता झोपून घेतो म्हणत होते,” ही म्हणाली.

“झोपले असते तर उठवणं अवघड होतं,” तो म्हणाला.

ती बाई दाराशी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मध्येच ती उठून गेली. मला वाटलं, हरली म्हणून गेली. थोड्या वेळाने शेजारच्या माणसाची जीप घेऊन ती परत आली. पदराखाली भाकरी होती. माझी झोळी तेव्हा हिच्या खांद्यावर होती. तीत भाकरी घालून ती म्हणाली, “मी नको ते बोलले, अक्का.” ती माझ्या पायांकडे वाकू लागली, तेव्हा हिने तिचा हात धरला. “बोललाव तेच बरं झालं, बाई. चार जणींनी भाकरी घातली, पण तोंडाकडं कुणी बघितलं न्हाई.”

गुलबर्ग्याला काही दिवस मी खाटेवर होतो. छातीत कफ होता, तो औषधांनी गेला. साखर हळूहळू जागेवर आली. नव्या नोकरीतून रजा मिळत नसते, तरी मुलगा पुण्याहून आला आणि पायाशी बसून राहिला. त्याच्या नोकरीचा नवस फेडायला निघालेला बाप परत न यायची वेळ आली होती, हे आमच्यापैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

पडल्या पडल्या माझ्या मनात तोच विचार फिरत असे. ती बाई चुकली होती, मी दारू प्यायलो नव्हतो. माझी बायको चुकली होती, आणि दोघींपेक्षा जास्त मी. तिघांच्या तीन चुका एका उंबऱ्यावर येऊन भेटल्या आणि त्यातून माझा जीव वाचला. योगायोग म्हणायला माझी हरकत नाही. आयुष्यभर तेच म्हणत आलो. पण ज्या गावात त्या वेळी कुणालाच नकार मिळत नाही, तिथे तो नेमका मलाच, नेमका त्या दिवशी मिळावा, याचा हिशेब मला लागत नाही. देव भिक्षा मागायला येतो असं सगळे सांगतात. तो परात घेऊन दारातही उभा राहत असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही. झालं ते लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र मला कळली. देवावर माझा जेवढा भरवसा होता, त्याच्या कितीतरी पट आमच्या घरच्या नियमावर होता. न विचारता केलेला, उपवासाच्या दिवसांवर बेतलेला तो नियम मी तापातही डोळे मिटून पाळला. कर्मठ म्हणून मी ज्यांना हसत होतो, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? आता ताप आला, उलटी झाली की सुई आपल्या मनाने बंद करत नाही. साखर पुन्हा पुन्हा तपासतो, पाणी पीत राहतो, सुई किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारतो आणि ते सांगतील तसं वागतो. शरणागती हा शब्द मी पूर्वी फार मोठा समजत असे, कीर्तनकाराच्या आवाजात ऐकू येणारा. तो डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्याइतका लहान आहे.

पुढच्या वर्षी नवस नसताना आम्ही गाणगापूरला गेलो. झोळी मीच मागून घेतली. त्या दारात रांगेत उभा राहिलो. बाईने मला ओळखलं नाही. ओळख सांगावी म्हणून हिने मला मागून ढोसलं, पण माझ्या पाठीमागे कितीतरी माणसं उन्हात ताटकळत होती. बाईने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, “घ्या अण्णा,” म्हणत भाकरी घातली आणि मागच्याच्या तोंडाकडे बघू लागली. मी बाजूला झालो. औदुंबराच्या सावलीत बसून आधी सुई घेतली, मग भाकरीचे दोन भाग केले. मोठा हिला दिला. ज्वारीची भाकरी होती, अजून गरम. हात जोडायचे राहिले आहेत हे ध्यानात आलं तेव्हा घास तोंडात होता, म्हणून तसेच जोडले.