खानावळीच्या मोरीतल्या अक्का

फोन अक्कांच्या सुनेचा, सोनलचा होता. "काकू, आई उठंनात," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मंगळवार पेठेत पोचेपर्यंत मी स्वतःला बजावत होते, की अक्का अशा न सांगता जाणाऱ्या नाहीत. पण गेल्या होत्या... झोपेतच. मोरीत आदल्या दिवशीची पातेली घासून पालथी घातलेली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर गेल्यावर त्यांनी घरातच खानावळ काढली. स्वयंपाकाला बायका होत्या, पण भांड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पातेल्याला वास राहिला की दुसऱ्या दिवशीचा पांढरा रस्सा बिघडतो, हे त्यांचं ठाम मत. मटणाची ती तेलकट पातेली पावडरीने घासून घासून त्यांचे हात फुटले. बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी मोरीचं काम बंद करायला सांगितलं. अक्का मला म्हणाल्या, "काम न्हाय सोडायचो. पावडर सोडतो."

मग त्यांनी रिठे आणले. गूळ, लिंबाच्या साली आणि पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये तीन महिने मुरवायचं, हे कुणाकडून तरी शिकून आल्या. साली कुठल्या, तर गिऱ्हाइकांच्या ताटांतून परत आलेल्या लिंबांच्या. मी पडले शाळामास्तरीण, मला शिसारीच आली.

"अक्का, उष्ट्या लिंबांनी भांडी घासणार तुम्ही?"

"भांडी काय सोवळ्यात असत्यात व्हय गं?"

पहिला कॅन भरला आणि आठवड्यातच त्या भाचीच्या लग्नाला नेसरीला गेल्या. जाताना रोज एकदा झाकण उघडून लावायला मला सांगून गेल्या. आता, मी तीस वर्षं लोणची घालते. मुरायला ठेवलेल्या वस्तूचं तोंड उघडायचं नसतं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. यांना काय कळतंय, असं म्हणत मी झाकण गच्च आवळलं आणि वर फडकं बांधलं. पाचव्या दिवशी कॅन फुटला. मोरीच्या भिंतीवर, छपरावर, सगळीकडे गुळाचं पाणी आणि साली. अक्का परत आल्या, मोरीत उभ्या राहून बघत राहिल्या. "लोणचं न्हवं ते, सुमन. वारं धरतंय त्यात," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा कॅन भरायला बसल्या.

तो मुरेपर्यंत आणखी तीन महिने. नुसत्या रिठ्याने मटणाचा ओशटपणा हटेना, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळून त्यांनी पावडरीनेच भांडी घासली. त्या चिंध्या लाल झालेल्या मी बघत होते. चुकलं माझं, एवढं म्हणायला काय जात होतं? नाही म्हटलं. घरच्या साली मात्र पिशवी भरून पोचवत राहिले, जणू त्याने भागणार होतं. पुढे त्यांची पद्धत बसली. पातेलं आधी कागदाने पुसायचं, मग कढत रिठ्याचं पाणी, मग हे आंबट पाणी आणि नारळाची शेंडी. हळूहळू हात भरून आले. एकदा माझ्यापुढे तळवे पसरून म्हणाल्या, "बघ की." मी बघितलं, आणि विषय बदलला.

तेराव्यानंतर सोनल म्हणाली, "काकू, पावडरच आणूया. मला न्हाय हे जमायचं." शेवटच्या आठवड्यात अक्कांनी भरलेल्या कॅनचं झाकण तेरा दिवस तिने कसंबसं उघडून लावलं होतं, आता तो तिने ओतून द्यायला काढला होता. कॅनला हात लावायचा नाही, असं मी तिला खडसावून सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी जाते. झाकण फिरवलं की फुस्सकन वारं सुटतं, आणि मी म्हणते, "अक्का, चुकलं माझं." पहिल्यांदा सोनलला वाटलं, काकूंचं डोकं फिरलं. आता ती साली धुऊन ठेवते.

काल झाकण उघडलं, तर आवाजच आला नाही. वारं धरायचं थांबलं होतं. आता रोज उघडायची गरज नाही, नुसतं मुरू द्यायचं. सोनल म्हणाली, "काकू, आता रोज कशाला येताय?"

माझं अक्कांना अजून सांगून झालं नव्हतं. मी पदर खोचला, शेंडी घेतली आणि पातेल्यांपुढे बसले.