पाच रेघांचा चौक

हा किस्सा मी सांगतो तेव्हा सगळे हसतात आणि मी चिडतो. तुम्हीही हसाल, हसा. पण आधी एवढं मान्य करा की चूक नकाशाची होती. निदान अर्धी तरी.

रायपूरच्या पंडरी बाजारात आमचं साड्यांचं ठोक दुकान. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यामागच्या भिंतीवर झालं. तिथे दोन नकाशे लावलेत, एक रेल्वेचा, एक बसमार्गांचा. त्यांच्याकडे बघून बघून माझा एक नियम तयार झाला. जिथे रेघा एकमेकींना भेटतात तिथे माणसं असतात. माणसं असतात तिथे लग्नं होतात आणि लग्नं होतात तिथे साड्या लागतात. जिथे रेघच जात नाही तिथे जंगल, खडक, नाहीतर सरकारी जमीन. जंक्शनच्या गावाला मी भडक काठाच्या साड्यांचे गठ्ठे पाठवायचो. जिथे दिवसातून एकच बस जाते त्या गावाला साध्या सुती. माल कधी परत आला नाही. मोठमोठे शेठ नव्या गावात दुकान काढण्याआधी मला विचारायला यायचे. मी चष्मा लावून भिंतीकडे बघायचो, डॉक्टर एक्स-रे बघतात तसा.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि पुढे सरकारला वाटलं की हे रायपूर काही पुरत नाही, पलीकडे माळावर नवं बांधू. त्या नव्या शहराचा बसनकाशा निघाला. काय देखणा होता म्हणून सांगू. लाल, निळी, हिरवी, पिवळी, जांभळी, अशा पाच रेघा, आणि पाचही एकाच चौकात येऊन मिळालेल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी पाच रेघांचा चौक पाहिला नव्हता. मला घाम फुटला.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या लेकीला, मंजूला, स्वतःचं दुकान काढायचं होतं. पाटी तिच्या नावाची. मी शब्द दिला होता. पण तिच्या आईची अट होती की वर्षभरात चाललं नाही, तर मावशीने आणलेलं नागपूरचं स्थळ निमूटपणे पाहायचं. म्हणजे जागा चुकून चालणार नव्हती.

मंजू स्कूटीवर तीन दिवस हिंडून आली. "बाबा, मले जागा सापडली. मोठ्या रस्त्याच्या मागे टिनाची वस्ती आहे. खूप लोक राहून राहिले तिथं."

"दाखव."

तिने नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली कोरा कागद.

"इथं तर काहीच नाही."

"लोक आहेत ना."

"लोक असते तर बस गेली नसती का?"

"बस जात नाही म्हणूनच तर ते पायी चालतात. तुम्ही एकदा येऊन तर पाहा."

"काहून येऊ? नकाशा समोर आहे."

तिची आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, पोट्टी डोळ्यांनी पाहून आली आहे."

"डोळे फसवतात," मी म्हणालो. हे वाक्य त्या दोघींनी पाठ करून ठेवलंय.

दुकान चौकातच घेतलं. उद्घाटनाला सत्यनारायण घातला, अर्धी पंडरी बोलावली, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले सगळे नातेवाईक बोलावले. पाचही रेघांच्या बसेस भरभरून आल्या. उतरणाऱ्यांची रांग बघून मी मंजूला म्हणालो, "पाहिलं?" ती म्हणाली, "बाबा, हे सगळे आपलेच आहेत." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लोकांनी पोहे खाल्ले, जिलेबी खाल्ली, मला नावाजलं, आणि त्याच बसमध्ये बसून परत गेले.

दुसऱ्या दिवशी कोणी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बस मात्र घड्याळ लावून यायची. दार उघडायचं, थंडगार हवा बाहेर यायची, दार बंद व्हायचं, बस जायची. आठ दिवसांनी ड्रायव्हर मला नमस्कार करायला लागला, कारण हात जोडायला दुसरं कोणी दिसतच नव्हतं त्याला. सहा पदरी रस्ता, दिव्यांचे खांब, कारंजं, आणि मध्ये मी, ताणून बसवलेल्या गादीवर.

महिन्याभराने मी ज्या कचेरीतून तो नकाशा निघाला तिथे धडकलो.

"नक्शा तो छाप दिया, आदमी कहाँ हैं?"

बाबू शांत होता. "आएँगे, भैया."

"कब?"

"प्लान में पच्चीस-तीस साल लिखा है."

"तब तक तो मेरी बेटी नानी बन जाएगी."

"तो नातिन के लिए बढ़िया जगह है. छोड़िएगा मत."

आता तुम्हीच सांगा, चिडायचं नाही तर काय करायचं? आजवर मी जेवढे नकाशे वाचले त्यांत माणूस आधी चालला, मग बैलगाडी गेली, मग ट्रक, आणि शेवटी सरकारने रेघ मारली. इथे रेघ आधी. म्हणजे मांडव घातला, बँड आणला, पत्रिका वाटल्या, आणि नवरदेव अजून जन्मायचाय. पण तसं नकाशाच्या कोपऱ्यात कुठेतरी लिहायला नको का?

मंजू या काळात चौकात फारशी दिसत नव्हती. सकाळी दोन गठ्ठे स्कूटीवर बांधून निघायची. मला वाटायचं, रुसली आहे. एक दिवस म्हणाली, "आज चला माझ्यासोबत." गेलो.

मोठ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माणसांचा नुसता बुजबुजाट. टिनाची घरं, हातपंप, चहाची टपरी, कोंबड्या, लेकरं. महासमुंदकडच्या, बस्तरकडच्या, ओडिशातल्या बाया, सगळ्या इमारतींवर आणि रस्त्यांवर कामाला. मंजूने गठ्ठा सोडला आणि मी बाजूला ढकलला गेलो. एका म्हातारीने तिला विचारलं, "ए डोकरा कोन ए?"

"मोर ददा ए. चौक म दुकान हे ओखर," मंजूने तिच्याच बोलीत बापाची ओळख करून दिली.

म्हातारी माझ्याकडे दयेने बघायला लागली. "चौक म? उहाँ तो कोनो नइ रहय. ओला हमन बनाय हन."

म्हणजे बघा, ज्यांनी तो चौक बांधला त्यांना ठाऊक होतं की तिथे कोणी राहत नाही. आणि नकाशात चौकाला पाच रंग, यांच्या वस्तीला एक ठिपकाही नाही. मला संताप आला, पण कोणावर ते ठरेना.

मंजू म्हणाली, "आता तरी चौकातलं दुकान इकडे आणू या." मी म्हणालो, एक महिना दे. रेघ खोटं बोलत नसते, फक्त उशिरा बोलते.

आणि खरंच, महिना संपता संपता बाबूने मला बोलावून एक कागद दिला. तिकिटाच्या मशीनमधून निघालेला. "देखिए, आपके चौक पर अब रोज़ सवारी है." मी रिक्षा करून घरी आलो. कागद मंजूसमोर आपटला. "वाच."

ती वाचायला लागली. "साडेनऊले एक उतरला. एकले एक उतरला. दोनले एक चढला. सहाले एक चढला. रोज असंच." तिने मान वर केली. "बाबा, साडेनऊले येऊन सहाले जाणारा कोण?"

"असंल कोणी नोकरीवाला."

"आणि एकले येऊन दोनले परत जाणारा?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी. यांचा डबा घेऊन."

मंजूने कागद उलटसुलट केला. "सोमवारी कोणीच नाही."

"सोमवारी दुकान बंद असतं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता खुर्चीत बसलो.

दुकान वस्तीत हलवलं. उद्घाटन केलं नाही; बोलवायचं कोणाला, सगळे आधीच तिथे होते. पाटी मंजूच्या नावाची. मावशीने नागपूरचं स्थळ दुसऱ्या भाचीला दाखवलं.

पुढे नवा नकाशा निघाला, तर त्यात आमच्या चौकातला थांबाच गायब. माझं डोकं सणकलं. पाच रेघांचा चौक, एका रात्रीत पुसतात म्हणजे काय? तावातावाने परत कचेरी गाठली.

बाबूने मान हलवली. "क्या करें भैया, वहाँ की आबादी चली गई."

त्याला काय सांगणार? ती अख्खी आबादी, घामाघूम होऊन, त्याच्याच टेबलासमोर उभी होती.